हेलपाट्यावर हेलपाटा

हेलपाटा हा शब्द ज्याने कुणी पहिल्यांदा तोंडातून काढला त्याचं त्या दिवशी सरकारी ऑफिसात काम असणार आणि त्याच दिवशी त्याला चक्करही आलेली असणार, ह्याबद्दल माझी आता खात्री पटलीय. कारण ह्या एका शब्दाला दोन अर्थ आहेत आणि दोन्ही रोजच्या वापरातले. एक म्हणजे फुकट गेलेली खेप. बँकेत गेलो, साहेब रजेवर, उगाच हेलपाटा पडला. आणि दुसरा म्हणजे तोल जाऊन एकदा इकडे एकदा तिकडे जाणं. "तो बघ कसा हेलपाटत चाललाय" असं कुणी म्हणालं की माझ्या डोळ्यासमोर रात्री साडेअकराचा बारसमोरचा रस्ता यायचा. हल्ली तो येत नाही. हल्ली तिथे मीच दिसतो, सकाळचे साडेसहा, अंगात बनियन आणि हातात दुधाची पिशवी.

आणि हे काही एकट्या हेलपाट्याचं नाही, तोल गेल्यावर वापरायचे आपले बहुतेक शब्द असेच दुतोंडी आहेत. चक्कर येते पण आणि चक्कर टाकतात पण. झोक तर कमालच आहे, झोकात चालला म्हणजे ऐटीत चालला, झोक गेला म्हणजे आडवा झाला आणि झोकली म्हणजे का आडवा झाला त्याचं कारण. वरातीतला एखादा मामा हे तिन्ही अर्थ तासाभरात करून दाखवतो, आधी झोकात, मग झोकून, मग झोक जाऊन. तोलाचंही तेच, अमक्याचा तोल गेला म्हणजे अमका पडला की अमका भडकला हे पुढचं वाक्य ऐकल्याशिवाय कळत नाही. आमच्या घरी तर दोन्ही एकदमच होतं.

मला ह्या शब्दांमध्ये कधी काडीचा रस नव्हता. पण एकदा आपण स्वतः हेलपाटायला लागलो की कळतं की शब्द निवडायचा अधिकार पडणाऱ्याला नसतोच मुळी, तो बघणाऱ्यांचा असतो, आणि ते जो शब्द निवडतील त्यावरून तुमचं औषध ठरतं, पथ्य ठरतं आणि चारित्र्य पण ठरतं.

तर झालं असं की एका सकाळी मोबाईलचा गजर बंद करायला मी उजव्या कुशीवर वळलो आणि पंखा फिरायला लागला. थंडीचे दिवस, पंखा बंद होता. पंख्यामागोमाग कपाट निघालं, कपाटाच्या मागे खिडकी, खिडकीत वाळत घातलेले मोजे, सगळं एका दिशेने वेगात, आणि मी गादीच्या दोन्ही कडा घट्ट धरून पडलेलो. मी बायकोला विचारलं, "भूकंप होतोय का गं?" ती म्हणाली "झोपा." अर्ध्या-पाऊण मिनिटात सगळं आपोआप थांबलं, कपाट आपल्या जागी, मोजे आपल्या जागी, मी पण साधारण आपल्या जागी. मग मला वाटलं स्वप्न असेल, म्हणून खात्री करायला पुन्हा उजव्या कुशीवर वळलो. स्वप्न नव्हतं.

चहाच्या वेळेपर्यंत घरात शब्दवाटप सुरू झालं होतं. आई म्हणाली घेरी आलीय. घेरी म्हणजे पित्त, पित्त म्हणजे रात्रीचं जागरण, जागरण म्हणजे मोबाईल, म्हणजे तिने एका शब्दावरून थेट मोबाईलपर्यंतचा प्रवास चहाचा पहिला घोट घ्यायच्या आत केला आणि माझ्यासमोर मोरावळ्याची बरणी आदळली. बायको म्हणाली छे, ही भोवळ आहे, भोवळ अशक्तपणाने येते, ऑफिसचा डबा तसाच परत आणता ना, भोगा. मुलगी शेजारून फोनमध्ये बघत म्हणाली "बाबा तुला व्हर्टिगो आहे", आणि हे एकटीचंच बरोबर होतं पण ती बारावीला असल्यामुळे तिला "तू अभ्यास कर" असं सांगण्यात आलं. शेजारचे काका वर्तमानपत्र मागायला आले होते ते दारातूनच म्हणाले "गॅस". त्यांचं सगळ्याला गॅसच असतं.

मोरावळ्याने काही बिघडलं नाही. बिघडलं दृष्ट काढण्याने. आईने मला पाटावर बसवलं, मीठ-मोहरी मुठीत घेतली आणि डोक्यावरून गोल गोल ओवाळायला लागली, आणि म्हणाली "हाताकडे बघ". मी बघितलं. हात वर गेला तशी मानही वर गेली, आणि मग आईचा हात एका दिशेने फिरतोय, आई दुसऱ्या दिशेने, आणि पाट तिसरीकडे. मी पाटावरून कलंडलो. आई विजयी मुद्रेने म्हणाली "बघा, किती लागली होती!" संध्याकाळी साताऱ्याहून आत्याचा फोन, तिचं म्हणणं की शनिवारी मारुतीला अकरा प्रदक्षिणा घाल, सगळं जाईल. चक्कर जावी म्हणून चकरा. मी आत्याला म्हटलं की आत्या, एकाच प्रदक्षिणेत मी मारुतीच्या आधी शनीपाशी पोचेन, तर तिने फोन आईला द्यायला सांगितला.

आता दुधाच्या पिशवीचं. आमच्या इमारतीत दूधवाला वर येत नाही, खाली गेटपाशी क्रेट ठेवतो. मी वाकून पिशवी उचलली आणि सरळ उभा राहताना वर बघितलं, कारण चौथ्या मजल्यावरून बायको "दही पण" असं ओरडत होती. बस्स. मी आधी डावीकडे तीन पावलं गेलो, मग उजवीकडे, मग एका पार्क केलेल्या स्कूटरला मिठी मारली. वॉचमनकाकांनी हे सगळं पाहिलं. चांगला माणूस, अजिबात आवाज न करता आले, माझा दंड धरला, पिशवी आपल्या हातात घेतली आणि हळूच म्हणाले, "साहेब, लिफ्टनं जावा. म्याडमना नाय सांगत मी."

मॅडमना त्यांनी खरंच सांगितलं नाही. बाकी सगळ्यांना सांगितलं असावं. कारण दुसऱ्याच दिवशी दुसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ, ज्यांच्याशी आमचं गळक्या पाइपवरून बोलणं बंद होतं, ते लिफ्टमध्ये माझ्याकडे बघून अतिशय आपुलकीने हसले. म्हणाले, "सकाळी नका घेत जाऊ हो, रात्रीचं ठीक आहे." मी म्हटलं अहो मी घेत नाही. ते म्हणाले "मी पण हेच सांगतो घरी." मी आयुष्यात कोकम सरबताच्या पुढे गेलेलो नाही, लग्नात सुद्धा सोलकढी दोनदा घेतली तर मला अपराधी वाटतं, आणि आता इमारतीतल्या खऱ्या पिणाऱ्यांनी मला त्यांच्यात घेतलं होतं. वाईट ह्याचं वाटतं की गेली कित्येक वर्षं ह्या इमारतीत कुणी माझ्याशी इतक्या प्रेमाने बोललं नव्हतं.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. ह्या सगळ्या काळात मला सर्वांत सुरक्षित कुठे वाटलं असेल तर ते सकाळच्या फास्ट लोकलमध्ये. लोकांना वाटतं डोंबिवलीच्या माणसाला ट्रेनमध्ये त्रास. अहो पडायला जागा लागते! घरात जागा आहे, रस्त्यावर जागा आहे, म्हणून तिथे माणूस पडतो. डोंबिवलीहून निघालेल्या फास्टमध्ये मला दोनदा चांगलं गरगरलं, माझ्या मते मी पूर्ण हेलपाटलो सुद्धा, पण डाव्या बाजूला एक बॅग, उजवीकडे एक कोपर, मागे कुणाची तरी छाती, समोर भजनी मंडळातला टाळ, त्यामुळे मी बाहेरून उभाच होतो. कुणाला कळलं पण नाही. दादर आलं तेव्हा लोकांनीच मला उतरवलं, मला ठाण्यालाच बरं वाटायला लागलं होतं तरी.

घरच्यांचा आग्रह वाढला म्हणून मग डॉक्टर. पहिल्या डॉक्टरांचं नाव घेत नाही, सज्जन माणूस आहे आणि आमचे सगळे तापखोकले तिथेच जातात. ते म्हणाले वय किती? मी सांगितलं. वय ऐकल्याबरोबर ते म्हणाले मणके. मानेचा एक्स-रे काढला, त्यात खरंच मणक्यांच्या कडा जरा वाढलेल्या निघाल्या. आता पन्नाशीच्या आसपासच्या कुणाच्याही मानेचा एक्स-रे काढला तर काही ना काही निघतंच, त्यासाठी चक्कर यायची गरज नसते, हे मला नंतर कळलं. पण तेव्हा मला गळ्याला पट्टा मिळाला.

पट्ट्याबद्दल मी वाईट बोलणार नाही. पट्ट्यामुळे मान वर करता येत नव्हती, आणि मान वर केली नाही की चक्कर येत नव्हती, त्यामुळे चुकीच्या निदानावर बरोबर उपाय झाल्यासारखं दोन दिवस वाटलं. शिवाय पट्ट्याला समाजात मान आहे. बसमध्ये लोक उठून जागा देतात. रिक्षावाला खड्डा आला की "सॉरी काका" म्हणतो. फक्त इमारतीतल्या बातमीत बदल झाला, आधी नुसता पीत होता, आता पिऊन पडला आणि मान मोडून घेतली.

ह्याच सुमारास गावाकडून चुलतभावाचा फोन आला. हा फोन जसा झाला तसाच देतो.

"दादा, गावाकडं एक चक्कर टाक की."

"अरे चक्करच आलीय मला."

"आलीय न्हवं? मग टाक की."

विषय होता वारस नोंदीचा. सातारा जिल्ह्यात आजोबांच्या नावावरचं आमचं थोडंसं रान आहे, थोडंसं म्हणजे त्यात उभं राहून तोल गेला तर शेजारच्याच्या हद्दीत पडू एवढं. आजोबा जाऊन जमाना झाला पण सातबाऱ्यावर ते अजून आहेत. नोंद घालायची म्हणजे अर्ज, मृत्यूचा दाखला, वारसांची यादी, मग तलाठी भाऊसाहेब वारस रजिस्टरला म्हणजे सहा क ला नाव घेणार, मग फेरफार पडणार, मग नोटिशीचे १५ दिवस कुणाची हरकत आहे का बघायची, आणि मग सर्कलसाहेब म्हणजे मंडळ अधिकारी ती नोंद मंजूर करणार. कागदावर हे सगळं इतकं सरळ आहे की वाचताना झोप येते. प्रत्यक्षात ह्यातल्या प्रत्येक पायरीला एकेक हेलपाटा आहे. भाऊसाहेबांकडे तीन गावांचा चार्ज, ते आज कुठल्या गावात आहेत हे त्या तिन्ही गावांतल्या लोकांना माहीत नसतं. भाऊसाहेब असले की सर्कल नसतात, सर्कल असले की सर्व्हर नसतो, सर्व्हर असला की लाईट नसते, आणि हे सगळे असले की माझ्याकडे आत्याच्या आधारकार्डाची झेरॉक्स नसते. प्रक्रियेचं नावच फेरफार आहे, अजून किती स्पष्ट सांगणार त्यांनी.

तरी गेलो. पट्टा घालून गेलो. बायको म्हणाली घाटात तुमचं काय होईल, तर खंबाटकीची गंमत तेव्हा अशी होती की साताऱ्याकडे जाताना घाटातून वळणं घेत चढावं लागायचं आणि येताना बोगद्यातून सरळ सुटायचा, म्हणजे जाताना माणूस हेलपाटायचा आणि येताना त्याला अंधारी यायची. मी डोळे मिटून, लिंबू हुंगत, मान ताठ ठेवून गेलो. मागच्या सीटवरच्या बाईंनी मुलाला सांगितलं "आजोबांना त्रास देऊ नकोस". आजोबा!

त्या ऑफिसात त्या दिवशी सगळे होते. भाऊसाहेब होते, सर्कलसाहेब होते, सर्व्हर होता, लाईट होती. असा योग पंचांगात शोधून सापडणार नाही. आणि बाहेर बाकड्यावर तीस-चाळीस माणसं होती ज्यांना हा योग माझ्या आधी कळला होता. आमचा नंबर लागला तेव्हा दुपारच्या जेवणाची वेळ होत आलेली, भाऊसाहेबांनी फाईल चाळली आणि मराठी माणसाला पाठ असलेलं ते वाक्य म्हणाले, "पुढच्या आठवड्यात या." म्हणजे हेलपाटा क्रमांक पुढचा.

चुलतभाऊ जरा कायद्याचा माणूस आहे, म्हणजे व्हॉट्सॲपवर कायद्याच्या पोस्टी वाचतो. तो म्हणाला, "असं कसं, मुदत असते सायेब कामाला, ती पाटी लावलीय की तुम्हीच. दादा, वाच बरं ती पाटी." पाटी म्हणजे लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ ची, कुठली सेवा किती दिवसांत मिळणार, कोण देणार, नाही दिली तर अपील कुणाकडे, सगळं लिहिलेलं असतं. सरकारने ती लावणं बंधनकारक केलंय, पण किती उंचीवर लावायची ते बहुतेक सांगितलेलं नसावं. ती छताला टेकली होती. मी पट्टा सोडला, चष्मा वर केला, मान मागे टाकली आणि "नागरिकांना विहित कालमर्यादेत" एवढंच वाचलं.

पुढचं मला चुलतभावाने सांगितलेलं आहे. मी आधी कपाटाकडे गेलो. मग कपाटाकडून भाऊसाहेबांच्या टेबलाकडे. तिथून "धरा" असं म्हणत सर्कलसाहेबांच्या दिशेने निघालो पण मधेच विचार बदलून भिंतीला लागलो आणि भिंतीवरून घसरत खाली बसलो, मांडीवर आमचीच फाईल. ऑफिस शांत झालं. सर्कलसाहेब खुर्चीतून उठून म्हणाले, "दिवसा ढवळ्या? सरकारी कार्यालयात?"

मग कोतवाल पुढे आला. हा मनुष्य अनुभवी होता. तो माझ्यासमोर उकिडवा बसला, माझ्या तोंडाजवळ नाक आणलं, डोळे मिटले, अगदी तब्येतीने वास घेतला, पुन्हा एकदा घेतला आणि उभा राहून म्हणाला, "वास न्हाय, सायेब."

आता खरं तर इथे माझी सुटका व्हायला हवी होती, निर्व्यसनी असल्याचं सरकारी प्रमाणपत्रच होतं ते. पण ऑफिसात घबराट पसरली ती ह्या वाक्याने. प्यायलेला माणूस असता तर काही प्रश्नच नव्हता, त्याची त्यांना सवय आहे, बाहेर झाडाखाली नेऊन ठेवतात. पण न पिता पडला, गळ्याला पट्टा, मुंबईकडून आलेला, म्हणजे अॅटॅक. भाऊसाहेब पांढरे पडले. म्हणाले, "हितं काय झालं तर सगळ्यांचे जबाब होतील. पंच म्हणून मलाच उभं करतील." आणि मग तो ऐतिहासिक आदेश निघाला, "आधी ह्यांचं मोकळं करा."

मी भिंतीला टेकून साखरेचं पाणी पीत होतो. एव्हाना चक्कर थांबून पाच मिनिटं झाली होती, मी अगदी ठणठणीत होतो, उठून तसं सांगणार होतो पण चुलतभावाने माझ्या खांद्यावर हात ठेवला होता आणि तो हात मला उठू देत नव्हता. तो अधूनमधून म्हणत होता, "घरी लहान पोरगी हाय ह्यांची." नोटिशीची मुदत केव्हाच संपली होती, हरकत कुणाची नव्हती, राहिलं होतं ते फक्त मनावर घेणं. ते त्या दिवशी घेतलं गेलं. नोंद मंजूर. आम्हाला रिक्षापर्यंत सोडायला कोतवाल आला आणि जाता जाता त्याने शंका राहू नये म्हणून पुन्हा एकदा वास घेतला.

परत आल्यावर मुलीने कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाईंची अपॉइंटमेंट घेतली. आता तोपर्यंत माझ्याकडे चक्करवरचा शब्दसंग्रह इतका जमला होता की मी तो कागदावर लिहूनच नेला. गरगरणं, घेरी, भोवळ, अंधारी, झोक, झोकांडी, भेलकांडणं, लटपटणं. म्हटलं ह्यावेळी शब्द आपण निवडायचा. मी सुरुवात केली, "म्हणजे डॉक्टर, भोवळ नाही म्हणता येणार कारण डोळ्यांपुढे अंधार येत नाही, घेरीच्या जवळपास आहे, पण त्यात थोडी झोकांडीची छटा..." बाईंनी हात वर केला. म्हणाल्या, "कसं वाटतं ते राहू द्या. काय केल्यावर होतं आणि किती वेळ टिकतं ते सांगा." मी म्हटलं कूस बदलली की, वर बघितलं की, वाकून उठलो की. मिनिटभरात जातं. "बोलताना जीभ अडखळते? दोन-दोन दिसतात? एका बाजूला हात-पाय जड? ऐकू कमी?" नाही, नाही, नाही. त्यातलं काही असतं तर इथे न येता सरळ मोठ्या हॉस्पिटलला पळायचं असतं असं त्या म्हणाल्या. माझा कागद त्यांनी बघितला सुद्धा नाही. इतका मेहनतीने केलेला होता.

मग त्यांनी मला टेबलावर बसवलं, मान उजवीकडे ४५ अंशात वळवली आणि एकदम मागे आडवं केलं, डोकं टेबलाच्या कडेखाली लोंबतं. ह्या परीक्षेला डिक्स-हॉलपाइक म्हणतात, १९५२ पासून आहे, आणि ती करताना डॉक्टर तुमच्याकडे नाही, तुमच्या डोळ्यांकडे बघतात. पंखा निघाला, कपाट निघालं, बाई पण निघाल्या. मी ओरडलो "आलं आलं!" आणि बाई आनंदाने म्हणाल्या "हो हो, दिसतंय, मस्त दिसतंय!" चक्कर आली की डोळ्यांची बुबुळं आपोआप झटके देत फिरतात म्हणे. इतक्या दिवसांत माझ्या चक्करने कुणाला तरी निखळ आनंद झालेला मी पहिल्यांदा पाहिला. शिकाऊ मुलीला पण बोलावून दाखवलं.

भानगड अशी की आपल्या कानाच्या आत तीन अर्धगोल नळ्या असतात, त्यात पाणी, डोकं फिरलं की पाणी हलतं आणि मेंदूला कळतं की आपण वळलो. त्यांच्याच शेजारच्या पिशवीत बारीक बारीक स्फटिक असतात, कॅल्शियम कार्बोनेटचे. म्हणजे संगमरवर. म्हणजे ताजमहाल ज्याचा केलाय त्यातलाच माल परमेश्वराने प्रत्येकाच्या कानात थोडा थोडा घातलेला आहे. वय झालं किंवा डोक्याला मार लागला की, किंवा काहीही कारण नसताना सुद्धा, त्यातले काही कण सुटतात आणि नळीत घुसतात, बहुतेकदा मागच्या नळीत कारण ती सगळ्यात खाली असते. मग डोकं हलवून थांबलं तरी ते कण गडगडत राहतात, मेंदूला वाटतं आपण अजून फिरतोय, आणि मग मोजे फिरतात. नाव आहे बिनाइन पॅरॉक्सिस्मल पोझिशनल व्हर्टिगो. बिनाइन म्हणजे निरुपद्रवी, हे ज्याने ठरवलं त्याला वॉचमन नसावा.

उपाय गोळ्यांचा नाही. लहानपणी जत्रेत ते काचेचं खेळणं मिळायचं बघा, आत चक्रव्यूह आणि एक छर्रा, डबी तिरकी करत करत छर्रा मधल्या खड्ड्यात न्यायचा, तेच करायचं, फक्त डबी म्हणजे तुमचं डोकं. अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या एपली नावाच्या डॉक्टरने हे काढलं, १९९२ साली त्याने ते छापून आणलं, आणि त्याआधी बरीच वर्षं त्याच्यावर त्याच्याच क्षेत्रातल्या लोकांनी विश्वास ठेवला नव्हता, कारण मान फिरवून रोग बरा होतो म्हटल्यावर कोण ऐकणार. बाईंनी मला उजवीकडे धरलं, थांबल्या, मग डोकं डावीकडे, थांबल्या, मग सगळाच डाव्या कुशीवर, नाक जमिनीकडे, थांबल्या, मग उठवून बसवलं. सगळं मिळून पाच-सात मिनिटं. पुन्हा आडवं करून बघितलं, पंखा जागच्या जागी. मी खोलीभर मान वर करून फिरलो. ताजमहाल पिशवीत परत गेला होता. पट्टा मी तिथेच टेबलावर ठेवला, बाई म्हणाल्या घेऊन जा, आमच्याकडे असे बरेच साठलेत.

निघताना मी त्यांना वॉचमनची हकीकत सांगितली, म्हटलं बघा लोक काय काय समजतात. तर बाई हसून म्हणाल्या की तो फार चुकला नाही. दारू पिऊन आडवं झाल्यावर खोली फिरते ती ह्याच नळ्यांमुळे, नळीत एक जिलेटिनसारखा पडदा असतो, त्यात अल्कोहोल आधी शिरतं आणि तो आजूबाजूच्या पाण्यापेक्षा हलका होऊन बसतो, मग नुसतं आडवं झालं तरी मेंदूला फिरल्याचा निरोप. म्हणजे काकांनी पत्ता बरोबर सांगितला होता, घरात कोण आहे ते तेवढं चुकलं. आणि उगाच शरमायचं कशाला, ह्या नळ्यांच्या नादी लागलेला व्हिएन्नाचा रॉबर्ट बारानी, रोग्यांच्या कानात थंड पाणी गेलं की चक्कर का येते आणि गरम पाण्याने डोळे उलट दिशेला का फिरतात एवढ्यावरून त्याने सगळं शोधून काढलं, त्याला १९१४ चं नोबेल मिळालं. बातमी आली तेव्हा तो रशियात युद्धकैदी होता. स्वीडनला जाऊन ते बक्षीस घ्यायला त्याला १९१६ उजाडलं. म्हणजे हेलपाटा नोबेलवाल्यालाही चुकला नाही, दोन्ही अर्थांनी.

घरी आल्यावर आईने मोरावळ्यालाच श्रेय दिलं. आत्याने मारुतीला दिलं, तिने माझ्या वतीने स्वतःच प्रदक्षिणा घातल्या होत्या म्हणे आणि आता तिचे गुडघे धरलेत. लिफ्टमधल्या गृहस्थांना मी कानातल्या स्फटिकांचं सगळं नीट समजावून सांगितलं, ते चौथ्या मजल्यापर्यंत वर आले ऐकायला, आणि शेवटी म्हणाले "वा, हे कारण चांगलं आहे, कुठल्या डॉक्टरने सांगितलं?"

रात्री चुलतभावाचा फोन. मी आनंदाने सांगितलं की अरे बरा झालो, एकदम बरा, आता वर बघतो, खाली बघतो, काही होत नाही. पलीकडे जरा वेळ कुणी बोललंच नाही.

"बरं झालं," तो म्हणाला, पण ज्या आवाजात म्हणाला त्यात बरं असं काही नव्हतं. "न्हाय म्हणजे, मोजणीचा अर्ज पडलाय माझा भूमी अभिलेखला. सा महिने झालं हेलपाटं मारतोय. म्हटलं तुला एकदा घेऊन जावं. तिथली पाटी तर आपल्या हितल्यापेक्षा बी वर हाय."

मी म्हटलं अरे पण आता गेलं ते सगळं, कण जागेवर बसले. आणि त्याला बरं वाटावं म्हणून, केवळ म्हणून, पुढे म्हणालो की डॉक्टर म्हणाल्यात, हे पुन्हा उद्भवू शकतं.

"हां?" तो एकदम ताजातवाना झाला. "साधारण कधी? म्हणजे त्या हिशोबानं तारीख लावून घेतो."